माशी शिंकली कुठे?

चाललेले काम अकस्मात अडले, म्हणजे आपल्या भाषेत ‘माशी शिंकली’ असे म्हणतात. माशीला शिंक येते की नाही, ते प्राणिशास्त्रज्ञ जाणोत. आपण मात्र दोष तिच्या माथी मारून मोकळे होतो. या वाक्प्रचाराची सोय मोठी आहे. माशी लहान, तिला बोलता येत नाही, आणि आपण शोधू लागेपर्यंत ती उडून गेलेली असते. तेव्हा तिच्याकडून लेखी खुलासा मागवण्याचाही प्रश्न उरत नाही. सरकारी कचेरीत ज्याने दहा वर्षे काढली आहेत, त्याला अशा दोषीची थोरवी निराळी सांगावयास नको.

कोलकात्यास बदलून आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात या शब्दाने मला दचकवले. कचेरीच्या जिन्यात कोणी तरी ‘माशी, ओ माशी’ अशी हाक मारली आणि हातात केरसुणी घेतलेली पन्नाशीची एक बाई लगबगीने वर आली. बंगालीत माशी म्हणजे मावशी. घरकाम करणाऱ्या आणि कचेऱ्या झाडणाऱ्या वयस्क स्त्रियांना इकडे याच नावाने हाक मारतात. आपल्याकडे शाळांतून आणि दवाखान्यांतून ‘मावशी’ म्हणतात, तशीच. दोन्ही शब्द संस्कृतातल्या एकाच मातृष्वसेच्या पोटचे. ही माशी कॅनिंगच्या बाजूने पहाटेची लोकल धरून सियालदहला उतरते, तिथून पुढे येते, आणि आम्ही दहाच्या सुमारास खुर्च्यांवर बसण्यापूर्वी चार मजल्यांचा केर काढून झालेला असतो. तिची नेमणूक कंत्राटदाराकडून. म्हणजे सरकारी भाषेत ती आमची नव्हेच. तिला काढण्यास चौकशी लागत नाही, एक पत्र पुरते. ते पत्र लिहिण्याचे काम एकदा माझ्याकडे आले. त्याचीच ही हकीकत आहे.

आमच्या कचेरीत माणसांची जशी सरमिसळ आहे, तशीच यंत्रांचीही आहे. रोज सकाळी प्रत्येकाची ओळख पटवून त्याला आत घेणारा मुख्य सर्व्हर विंडोजचा. जुन्या नस्त्या, सेवापुस्तके आणि आवक पत्रे यांच्या स्कॅन केलेल्या प्रती ज्याच्या पोटात राहतात, तो दुसरा सर्व्हर लिनक्सचा. वार्षिक अहवालाची मांडणी होते त्या खोलीत एक मॅक. या मंडळींच्या चालीरीती भिन्न. लिनक्सच्या मते इंग्रजीतले मोठे अक्षर आणि लहान अक्षर ही दोन वेगळी अक्षरे. फायलीच्या नावातले पहिले अक्षर कोणी मोठे काढले, की त्याच्या दृष्टीने ती निराळीच फाइल. विंडोज हा भेद पाळीत नाही. मॅक तर ज्या फोल्डरात डोकावेल, तिथे आपल्या सोयीसाठी एक लपलेली फाइल ठेवून येतो. ती दुसऱ्या कोणाच्या पडद्यावर दिसली, की ‘व्हायरस शिरला’ म्हणून ओरड होते. एकत्र कुटुंबात सोवळेओवळे पाळणारी जाऊ, न पाळणारी जाऊ आणि शहरातून आलेली तिसरी जाऊ एका चुलीवर स्वयंपाक करू लागल्या, म्हणजे जे होते, ते आमच्या नेटवर्कात नित्य होत असते. तथापि घर चालते. माणसेही अशीच चालतात.

मागील उन्हाळ्यात मात्र हे घर तीनदा अडले. सकाळी येऊन पाहावे, तो लिनक्सचा सर्व्हर बंद. बटण दाबले की पुन्हा चालू होई. परंतु स्कॅन केलेल्या प्रतींची अनुक्रमणिका अर्धवट लिहिलेली सापडे आणि ती पूर्ववत करण्यात दोन दिवस जात. याच सुमारास आमच्या दप्तरींची निवृत्ती महिनाअखेरीवर आली होती. पस्तीस वर्षे दुसऱ्यांच्या फायली शिवणाऱ्या या गृहस्थांच्या सेवापुस्तकाची पाने त्याच सर्व्हरवर होती. वेतनवाढीच्या नोंदी पडताळून पाहिल्याखेरीज निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पुढे जाईनात. ते रोज अकरा वाजता येऊन माझ्या टेबलापाशी उभे राहत आणि काही न विचारता परत जात. विचारले असते, तर बरे वाटले असते.

सर्व्हर का पडतो, याविषयी मतांचा तुटवडा नव्हता. विंडोजची देखभाल करणारा म्हणाला, दोष लिनक्सचा. फुकट मिळालेली वस्तू अशीच चालायची. लिनक्स बसवून गेलेला तरुण म्हणाला, दोष नेटवर्कचा. नेटवर्कवाल्याने विजेकडे बोट दाखवले. वीजवाला म्हणाला, “माझी वीज भिंतीतल्या सॉकेटपर्यंत. पुढचे तुम्ही जाणा.” हे चौघेही आपापल्या विद्येत वाकबगार होते, आणि चौघांचेही बोलणे दोष आपल्या हद्दीबाहेर सुरू होतो, या एकाच ठिकाणी येऊन थांबत होते. लिनक्सचे यंत्र काढून टाकावे, असा एक प्रस्तावही निघाला. कचेरीतल्या बहुसंख्यांहून ज्याची भाषा निराळी, त्याच्यावर पहिला संशय जावा, हा नियम यंत्रांनाही लागू आहे, असे मला त्या वेळी वाटून गेले.

तिसऱ्या खेपेला एका गृहस्थांनी सर्व्हरचा लॉग उघडून पाहिला. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी; कोणते काम केव्हा झाले, याची तीत सेकंदासह नोंद असते. त्या गुरुवारची शेवटची ओळ सकाळी ७ वाजून १४ मिनिटांची होती. पुढे काही नाही. सर्व्हर रीतसर बंद केला, तर त्याच्या निरवानिरवीच्या ओळी लॉगात येतात, त्या नव्हत्या. अर्थात वीज एकाएकी तुटली होती. मग फाटकावरची नोंदवही आणवली गेली. त्या दिवशी माशीची आत येण्याची वेळ ७ वाजून १० मिनिटे! आधीच्या दोन्ही खेपाही गुरुवारच्या निघाल्या. आणि सर्व्हरची खोली आठवड्यातून एकदाच, गुरुवारी, झाडली जाते.

आता कोणाला शंका उरली नाही. रुग्णालयातली झाडणारी बाई यंत्र चालवण्यासाठी रोग्याच्या खाटेजवळचा प्लग काढते आणि दर आठवड्याला त्या खाटेवरचा रोगी दगावतो, ही कथा जगभर सांगितली जाते. ती खरी घडल्याचा पुरावा कोणाजवळ नसतो. पण ऐकणाऱ्याला ती पटते. आमच्याकडे ती त्या दिवशी तिघांनी सांगितली. माशीपाशी केरसुणी आणि ओले फडके यांखेरीज काही नाही, विजेवर चालणारे कोणतेही साधन नाही, हे एकाच्याही ध्यानात आले नाही. ‘सदर सफाई कर्मचारी बदलून मिळावी’ अशा आशयाचे पत्र कंत्राटदारास पाठवावे, असा शेरा होऊन नस्ती माझ्याकडे आली.

मसुदा करण्यास दहा मिनिटे लागली असती. मी बडोबाबूंकडे दोन दिवस मागितले. कारण विचारले, तेव्हा म्हणालो, “दादा, पत्रासोबत पुरावा म्हणून लॉगाची प्रत जोडावी लागेल. तो संपूर्ण वाचल्याखेरीज जोडता येणार नाही.” हे कारण त्यांना पटले. पुरावा जोडण्याची आवश्यकता सरकारी माणसाला लगेच पटते. दया करावी म्हटले असते, तर कदाचित पटले नसते.

लॉग छापून घेतला, तर त्याची कितीएक पाने झाली. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. माझी पदवी इतिहासाची. परंतु दिनांक आणि वेळ घातलेल्या ओळी वाचणे हा आमचा धंदाच आहे. आवक-जावक वही, टिपणीची पाने, हजेरीपट — या सर्वांचे व्याकरण एकच. नस्ती वाचताना जुन्या लोकांनी मला एक गोष्ट शिकवली होती : ज्या टिपणीवर वाद आहे, तिच्या आधीची दोन पाने आणि नंतरची दोन पाने वाचल्यावाचून मत देऊ नये. त्याप्रमाणे ७ वाजून १४ मिनिटांच्या ओळीखालची ओळ मी वाचली. ती सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याची होती आणि तिच्यापुढे वेळ होती १५ वाजून १२ मिनिटे.

दुपारी सव्वातीन! पण त्या गुरुवारी सर्व्हर सकाळी पावणेदहाच्या सुमारास सुरू केला होता. बटण दाबणारा इसम समोरच बसला होता आणि दहा वाजता सारी कचेरी त्यावर काम करीत होती. ती ओळ तिथेच होती, ठळक होती. फक्त तिच्यापर्यंत कोणी गेले नव्हते. हवे ते सापडले, की माणूस पुढची ओळ वाचीत नाही. मग मी त्याच आठवड्यात स्कॅन करून ठेवलेली आवक पत्रे काढून पाहिली. सकाळी साडेअकराला यंत्रावर ठेवलेल्या पत्राची वेळ संध्याकाळी पाचची पडली होती. सगळीकडे अंतर एकच : साडेपाच तास.

साडेपाच तास म्हटले, की ग्रीनिच आणि भारत यांच्यातले अंतर ओळखण्यास पंडित असावे लागत नाही. लिनक्स बसवणाऱ्या तरुणास बोलावून विचारले, तेव्हा त्याने डोक्याला हात लावला आणि सारा उलगडा केला. प्रत्येक संगणकात बॅटरीवर चालणारे एक छोटे घड्याळ असते. यंत्र बंद असतानाही ते चालते. विंडोजची रीत अशी, की हे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते असे धरावयाचे. लिनक्सची रीत बहुधा अशी, की ते जागतिक वेळ दाखवते असे धरावयाचे आणि त्यात आपल्या देशाचे साडेपाच तास मिळवावयाचे. दोन्ही रीती आपापल्या ठिकाणी निर्दोष आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी त्या सर्व्हरचा मदरबोर्ड जळाला होता. नवा बसवणारा कारागीर विंडोजच्या सवयीचा. त्याने मनगटावरचे घड्याळ पाहून वेळ लावली. लिनक्सने तीच वेळ जागतिक समजून तिच्यात साडेपाच तास घातले. त्या यंत्राला पडदा जोडलेला नाही, आणि बाहेरच्या वेळेशी जुळवून घेण्याचा त्याचा मार्ग सुरक्षेच्या नियमांत बंद झालेला. तेव्हापासून आमच्या शेजारच्या खोलीत एक यंत्र साडेपाच तास पुढे जगत होते आणि कोणाला पत्ता नव्हता. वस्तुतः सरकारी यंत्रांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवावीत, असा सर्ट-इनचा निदेश २८ एप्रिल २०२२ चा आहे. आमच्या कचेरीतही त्याची प्रत होती. ती नस्तीत लावलेली होती.

कोलकात्यात बसून घड्याळांच्या या भांडणाचे नवल वाटावयास नको. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. परंतु कलकत्त्याने आपली वेळ सोडली नाही आणि मुंबईनेही सोडली नाही. कलकत्त्याचे घड्याळ प्रमाणवेळेच्या सुमारे २४ मिनिटे पुढे, मुंबईचे सुमारे ३९ मिनिटे मागे. म्हणजे इथला बाबू आणि मुंबईचा कारकून एकाच क्षणी आपापल्या घड्याळात पाहते, तर त्यांच्यात तासाहून थोडे अधिक अंतर पडते. स्वातंत्र्य मिळाले, तेव्हाही ही दोन्ही शहरे जुन्या वेळेला बिलगून होती. त्या काळी दोन्ही शहरांतली दोन माणसे एखाद्या घटनेची साक्ष देऊ लागली, तर दोघेही खरे बोलूनही साक्षी जुळल्या नसत्या. त्यांना खोटे ठरवण्यापूर्वी कोणते घड्याळ पाहिलेत, एवढे विचारणे पुरेसे होते.

आता ७ वाजून १४ मधून साडेपाच तास वजा केले. उरले रात्रीचे १ वाजून ४४. त्या वेळी कचेरीला कुलूप, फाटकावर पहारेकरी, आणि माशी आपल्या घरी झोपलेली. कॅनिंगहून येणारी पहिली गाडीदेखील अजून सुटलेली नाही.

मग १ वाजून ४४ मिनिटांनी जागे कोण होते? हा प्रश्न विंडोजच्या सर्व्हरला कोणी विचारलाच नव्हता. कारण तो पडला नव्हता, आणि जो पडत नाही त्याची साक्ष काढण्याची पद्धत नाही. त्याचा लॉग काढला. त्यात त्याच रात्रीच्या त्याच मिनिटाला एक ओळ सापडली : यूपीएसची स्वयंचाचणी सुरू. वीज गेली तर बॅटरी भार पेलते की नाही, हे पाहण्यासाठी यूपीएस अधूनमधून स्वतःच क्षणभर भार बॅटरीवर घेतो. आमच्याकडे ही परीक्षा एकाआड एक गुरुवारी, मध्यरात्रीनंतर, ठरवून दिलेली होती. त्या बॅटऱ्या शिशाच्या. त्यांचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षांचे आणि उष्ण खोलीत त्याहून कमी. आमच्या कधीच थकल्या होत्या. भार आला, की त्या मान टाकीत. विंडोजच्या सर्व्हरला विजेच्या दोन तारा — एक यूपीएसची, दुसरी थेट भिंतीतली. म्हणून तो तरे. लिनक्सला एकच, म्हणून तो पडे. ‘बॅटरी बदलावी’ अशी सूचनाही लॉगात वारंवार आलेली होती. ‘ठीक आहे’ हे बटण दाबून ती दर वेळी दूर सारण्यात आली होती.

तीनही खेपांचे दिनांक पाहिले. प्रत्येकीत १४ दिवसांचे अंतर. माशी दर गुरुवारी खोली झाडते. सर्व्हर एकाआड एक गुरुवारी पडतो. मधल्या गुरुवारी तिने तीच फरशी त्याच फडक्याने पुसली होती आणि काहीही घडले नव्हते. एवढा हिशेब कोणालाही करता आला असता. दोन्ही लॉग एकाच कचेरीत, एकाच भिंतीच्या आत, दहा हातांच्या अंतरावर पडून होते. त्यांतल्या दोन ओळी शेजारी ठेवल्या, की प्रश्न सुटत होता. परंतु त्यांची घड्याळे निराळी होती, म्हणून त्या कधी शेजारी आल्याच नाहीत.

बडोबाबूंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “कागदावर ठीक आहे. प्रत्यक्ष दाखवता येईल?” हाही योग्यच प्रश्न होता. शनिवारी, सर्व फायलींच्या प्रती काढून झाल्यावर, चौघेही तज्ज्ञ सर्व्हरच्या खोलीत जमले. यूपीएसच्या चाचणीचे बटण दाबले. लिनक्सच्या सर्व्हरचा पंखा एकदा गुरगुरला आणि बंद पडला. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. मग चौघांपैकी एक जण म्हणाला, “मला आधीपासून विजेचीच शंका होती.” त्याला कोणी विरोध केला नाही.

नव्या बॅटऱ्या आल्या. चाचणी कचेरीच्या वेळात, माणसे हजर असताना, करावी असे ठरले. सर्व घड्याळे एका वेळेला जोडली. दप्तरींची कागदपत्रे महिना संपण्यास चार दिवस उरले असताना पुढे गेली. कंत्राटदाराच्या पत्राच्या जागी मी एक परिच्छेदाची टिपणी लिहिली आणि ‘पत्राची आवश्यकता उरली नाही’ या वाक्याने ती संपवली. मला वाटते, माझ्या नोकरीत मी लिहिलेले ते सर्वांत चांगले वाक्य असावे.

दोष देणे आणि दोष शोधणे यांत आपण फारसा भेद करीत नाही. मराठीत दोन्हींसाठी शब्दही जवळजवळ एकच वापरतो. परंतु ही दोन कामे परस्परांच्या आड येणारी आहेत. दोष देऊन झाला, की शोध थांबतो. माशीला काढली असती, तर पुढचा गुरुवार निर्विघ्न गेला असता, कारण तो चाचणीचा नव्हताच. आणि तेवढ्यावर आपला निर्णय बरोबर ठरला, असे आम्ही सर्वांनी मानले असते. त्यापुढच्या गुरुवारी सर्व्हर पुन्हा पडता, तेव्हा नव्या बाईचे नाव निघते. अशा रीतीने किती माणसे बदलली जातात आणि बॅटऱ्या तशाच राहतात, याचा हिशेब कोठल्याच लॉगात नसतो.

आपल्या प्रांतापासून दूर नोकरी करणाऱ्यांस हे समजावून सांगावे लागू नये. नव्या गावी, नव्या सेक्शनमध्ये, भाषा पुरती येत नसताना काही बिघडले, म्हणजे सगळ्यांच्या नजरा एकदा आपल्याकडे वळतात. त्यात दुष्टपणा नसतो. ज्याच्याशी बोलणे कठीण, त्याच्याविषयी तर्क करणे सोपे असते, एवढेच. माझे बंगाली सहकारी प्रेमळ आहेत. माझ्या मुलीच्या आजारपणात ते रात्ररात्र जागले आहेत. आपल्याकडे आलेल्या परप्रांतीयाविषयी आपणही याहून निराळे वागत नाही. म्हणून मी त्यांना दोष देत नाही; देऊ लागलो, तर वर लिहिलेले सारे खोडावे लागेल.

माशीला यांतले काही ठाऊक नाही. मध्यंतरी तीन आठवडे सर्व्हरच्या खोलीत जाऊ नकोस असे तिला सांगितले होते, आणि मग जा असे सांगितले. कचेरीच्या हुकमांना कारणे असतात अशी तिची समजूत नसल्यामुळे तिने ती विचारली नाहीत. एके दिवशी मी लवकर पोहोचलो, तेव्हा ती त्या खोलीतून बाहेर येत होती. मला पाहून म्हणाली, “बाबू, आत फार धूळ साठली होती. तीन आठवडे कोणी झाडलेच नाही वाटते?” बंगालीत मला सारे बोलता येत नाही. मी ‘हो माशी’ एवढेच म्हणालो.